तिच्या आजीच्या आजीचं नाशिक

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात मला वर्षभराची फेलोशिप मिळाली तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती. नाशिकच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, आणि एकदम परदेशात जाऊन विद्यार्थिनीसारखं रांगेत उभं राहून सूप घ्यायचं म्हणजे मोठीच गंमत होती. ज्या विभागात मी गेले त्याच्या दारावर वंश, स्थलांतर आणि वसाहतींचा वारसा असे तीन भारदस्त शब्द एकाखाली एक लिहिलेले होते. दार मात्र एवढंसं. आत एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि शेवटी एक छोटं स्वयंपाकघर. सगळं महत्त्वाचं बोलणं तिथे व्हायचं.

तिथेच ती मला पहिल्यांदा भेटली. साठीच्या आसपासची, चांगलीच उंच, काळीभोर. केसांच्या बारीक वेण्या पिकून रुपेरी झालेल्या आणि मागे रुमालात बांधलेल्या. ती त्या विभागाची प्रमुख आहे हे मला माहीत नव्हतं. ती किटली भरत होती.

"भारतात कुठे राहतेस?" तिने विचारलं.

"मुंबईजवळ," मी म्हणाले. तिकडे जाऊन आठवडाच झाला होता, पण हे उत्तर द्यायची सवय लागली होती.

"जवळ म्हणजे किती?"

"चारेक तास."

"मग ते जवळ कसं? गावाचं नाव सांग."

"नाशिक."

तिने किटली खाली ठेवली. नळ सुरूच राहिला. "पुन्हा म्हण."

"नाशिक."

"आम्ही 'नासिक' म्हणतो," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

मला वाटलं, कुंभमेळ्याबद्दल कुठेतरी वाचलं असेल, नाहीतर द्राक्षं किंवा वाइन. पण ती म्हणाली, "माझ्या आजीची आजी तुझ्या गावात वाढली."

मग किटलीतलं पाणी उकळून गार झालं तरी आम्ही बोलत होतो. म्हणजे ती बोलत होती. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं पकडून, गलबतांत कोंबून विकायला नेत. इंग्रजांची आरमारी जहाजं अशी काही गलबतं अडवत आणि आतल्या मुलांना मुंबईत आणून उतरवत. त्यांतली काही मुलं मिशनऱ्यांनी नाशिकला नेली, शरणपूरला ठेवली, शिकवली. सुतारकाम, लोहारकाम, शिवण, प्रार्थना. पुढे त्यांतल्या बऱ्याच जणांना पुन्हा बोटीत बसवून आफ्रिकेला, मोंबासाजवळ नेऊन वसवलं. तिथले लोक त्यांना आपलं मानायला तयार होईनात. हे तर बाहेरून आलेले, नासिकवाले. तिच्या आजीच्या लहानपणापर्यंत हे नाव चिकटलेलं होतं. पुढे तिची आई नर्स होऊन इंग्लंडला आली आणि ही इथेच जन्मली.

"आणि इथे मला रोज कुणीतरी विचारतं, तू मूळची कुठली? मी काय सांगू, सांग."

शरणपूर रोडवरून मी हजारदा गेले असेन. कपड्यांची दुकानं, दवाखाने, क्लासेस. शरण आलेल्यांचं पूर म्हणून शरणपूर, एवढी साधी फोड माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. माझ्या गावाची गोष्ट मी सातासमुद्रापलीकडे एका स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

आमची मैत्री तेव्हापासूनची. आम्ही मराठीत बोलत असतो तर तिला मी 'तुम्ही' म्हटलं असतं, वयाने आणि मानाने मोठी. इंग्रजीत ती सोय नाही. मनातल्या मनात मात्र मी तिला लवकरच 'तू' म्हणायला लागले.

दर शुक्रवारी तिथे चर्चासत्र असायचं. ती फारशी बोलायची नाही, पण बोलली की खोलीतली हवा बदलायची. एकदा एका तरुण संशोधकाने युरोपात येणाऱ्या स्थलांतरितांवर निबंध वाचला. रबरी बोटी, बुडालेली माणसं, किनाऱ्यावरच्या छावण्या. मनापासून लिहिलं होतं बिचाऱ्याने. ती म्हणाली, "फार चांगलं आहे. पण तुझी गोष्ट बोट किनाऱ्याला लागते तिथून सुरू होते. त्याआधी शेकडो वर्षं इथून तिकडे जहाजं जात होती. ती कुणाची, काय आणायला जात होती, हे पहिल्या पानावर आलं नाही तर वाचणाऱ्याला वाटतं, ही माणसं उगाचच आपल्या दारात आली." त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं. मीही घेतलं.

माझी पाळी आली तेव्हा मी नाशिकबद्दल बोलले. नव्या सोसायट्यांमध्ये घर भाड्याने मागायला गेलं की फोनवर सगळं गोड असतं, आडनाव विचारेपर्यंत. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितल्यावर पलीकडचा आवाज कसा बदलतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं. एक वयस्क प्राध्यापक म्हणाले, जात ही तुमची जुनी प्रथा आहे, वंशवाद हा युरोपने घडवलेला आधुनिक प्रकार आहे, दोघांची गल्लत नको. समोरची एक मुलगी तावातावाने म्हणाली, छे, दोन्ही अगदी एकच आहेत. आणि मग ते दोघेच भांडत बसले. मी मध्ये, पाण्याच्या ग्लाससारखी.

शेवटी सगळे तिच्याकडे बघू लागले. ती म्हणाली, "मला जात कळत नाही. कळत नाही तोवर मी दोन्हींपैकी काहीच म्हणणार नाही."

मला राग आला. ही तरी माझ्या बाजूने उभी राहील असं वाटलं होतं. नंतर स्वयंपाकघरात तिने विचारलं, "रागावलीस?"

"हो."

"साहजिक आहे. पण मी तिथे खोटं बोलले असते तर तुला त्याचा उपयोग काय? मला तुझ्या घरी यायचंय. आणि मला ती जागाही बघायचीय."

बोलल्याप्रमाणे ती आली. मी परत आल्यावर पहिल्याच डिसेंबरात. मी मुंबईच्या विमानतळावर घ्यायला गेले. घाट चढताना ती खिडकीला नाक लावून बसली होती. घाट संपल्यावर म्हणाली, "त्या मुलांना असंच आणलं असेल का?" मी म्हटलं, "असंच, पण टोलनाके नसतील."

आमचं इंदिरानगरचं घर दोन खोल्यांचं. तिला अडचण नको म्हणून मी शहरातल्या एका चांगल्या लॉजमध्ये खोली ठरवली होती. काउंटरवरच्या मॅनेजरने पासपोर्ट हातात घेतला, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, जरा मिसअंडरस्टँडिंग झालंय. रूम फुल्ल आहेत."

त्याच्या मागे फळीवर किल्ल्या लटकत होत्या. मी म्हटलं, "कालच तुमच्याशी बोलणं झालं होतं."

"फॉरेनरचं पोलिसांना कळवावं लागतं, लय झंझट असते."

"गेल्या महिन्यात आमच्याच कॉलेजचे जर्मन पाहुणे इथे राहून गेले."

तो कॉम्प्युटरकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ते वेगळे होते मॅडम."

माझा आवाज चढला. काय काय बोलले आठवत नाही. तोवर तिने बॅग उचलली होती. रिक्षात बसल्यावर मी तिला सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाषांतर नको. हे वाक्य कुठल्याही भाषेत मला कळतं. माझी आई इंग्लंडात पहिली खोली शोधत होती तेव्हा तिनेही हेच ऐकलं होतं. तेव्हा पाऊस पडत होता म्हणे. तुमच्याकडे हवा तरी छान आहे."

रडत होते मी आणि समजूत ती काढत होती.

आई घरात मेथी निवडत बसली होती. माझी आई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली. माहेर नांदगावकडचं. इतकी वर्षं शहरात काढली तरी घरात ती माहेरच्याच भाषेत बोलते. दार उघडलं आणि तिने मान वर करून पाहिलं, आणखी वर करून पाहिलं.

"अगं बया, केवढी उंच हाय ही!"

मी लॉजचं सांगितलं. आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. मॅनेजरला ती काही बोलली नाही, मलाच बोलली. "लॉजवर नेलीच कशाला? आपल्याला घर नाय का?" मग पाहुणीकडे वळून सरळ मराठीत म्हणाली, "बस. हातपाय धू. भाकरी टाकते."

आणि ती बसली, जणू सगळं कळलं होतं.

पुढे ती आमच्याकडेच राहिली. आतल्या खोलीत पलंगावर ती, खाली गादीवर मी. तिचे पाय पलंगाबाहेर यायचे म्हणून आईने टोकाला स्टूल ठेवून त्यावर उशी बांधली. तिला ताट दिलं की ती हाताने जेवायची, आणि चांगल्या सफाईने. आईला फार कौतुक. लहानपणी सुट्टीत मोंबासाला गेलं की आजी असंच जेवायला शिकवायची म्हणे. आईचं इंग्रजी दवाखान्यापुरतं: बीपी, शुगर, डिलिव्हरी, नॉर्मल, सिझेरियन. पण पाहुणीची आईसुद्धा नर्स होती हे कळल्यावर तेवढं इंग्रजी पुरायला लागलं. उरलेलं मी.

एका दुपारी दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या. ती म्हणाली, "माझ्या आईला पेशंट म्हणायचे, तुझे काळे हात लावू नकोस, दुसरी नर्स बोलव. आई घरी येऊन हात धूत राहायची. मी लहान होते, मला वाटायचं तिचे हात फार मळतात."

मी ते आईला मराठीत सांगितलं. आईने पुढची शेंग उचलली. मग म्हणाली, "मलाबी एक बाई बोलली होती. बाळंतपणाला आलेली. कुणीतरी माझं आडनाव सांगितलं तिला. म्हणे, ही नको, दुसरी पाठवा. दुसरी कुठून आणणार, ड्युटीवर मी एकटीच. कळा लागल्या तशी माझाच हात धरून बसली. सोडंच ना. मनगटावर वळ उठले."

"मग?" पाहुणीने विचारलं. मी भाषांतर करायच्या आतच.

"मग काय? पोरगी झाली. छान होती."

ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मी जातीवर निबंध लिहिते, परिषदांना जाते, आणि माझ्या आईने मला हे कधी सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलंस, असं नंतर विचारलं तर म्हणाली, "तू कधी शेंगा सोलायला बसतीस?"

वरच्या मजल्यावरच्या काकू पाहुणी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विरजण मागायच्या निमित्ताने आल्या. पाहुणीकडे बघून गोड हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "केवढी काळी आहे हो!"

आई म्हणाली, "हो ना. छान दिसती. माझ्याहून दोन हात पुढं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला बघून सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला होता."

काकू जरा ओशाळल्या. पण मनाने वाईट नाहीत त्या. संध्याकाळी त्यांनी डबाभर चिवडा पाठवला, तिखट कमी घालून, पाहुणीसाठी म्हणून.

शरणपूरच्या दफनभूमीत आम्ही तिघी गेलो. आईचं येणं ठरलं नव्हतं, पण ती पाण्याची बाटली आणि शेवंतीची फुलं घेऊन आधीच दारात उभी होती. तिथला राखणदार म्हातारा, सौम्य माणूस. म्हणाला, "वाचता येतील ती नावं वाचा. बाकीची पावसाने नेली." रस्त्यावरचा हॉर्नचा आवाज आतपर्यंत येत होता. झाडांखाली दगड, काही कलंडलेले, काही मातीत अर्धे गेलेले. पाहुणी एकेका दगडापुढे गुडघ्यावर बसायची, बोटाने अक्षरं चाचपायची. ती तिथे कुणाला शोधत होती हे मला नीटसं कळत नव्हतं. आजीची आजी तर परत गेली होती. तिची कबर इथे असणार कशी?

मी विचारलं. ती म्हणाली, "ती गेली. पण ज्या नाही गेल्या त्या इथे असतील. तिच्यासोबत गलबतात असलेल्या, तिच्या शेजारी झोपणाऱ्या. त्यांच्याकडे कुणी आलं नसेल."

त्यांच्यातलीच म्हणता येईल अशी एकही सापडली नाही. नावं वाचून उपयोग नव्हता, कारण त्या मुलींना दिलेली नावं इतकी साधी, इतकी सर्रास होती की दर दुसऱ्या दगडावर असावीत. आईबापांनी ठेवलेलं नाव कुणी टिपून ठेवलंच नव्हतं.

"नाव दुसऱ्यांनी दिलं," ती म्हणाली. "माझं आडनावही त्यातूनच आलंय. एका पाद्र्याचं."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "आपणबी नवं घेतलं की. धर्म घेतला, पोरांची नावं बदलली. पण ते आपलं आपण घेतलं." जरा थांबून तिने एक दगड निवडला. त्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं. तिने फुलं त्यावर ठेवली.

"हा कुणाचा?" पाहुणीने विचारलं.

"काय की. कुणाच्या तरी लेकराचा असंल."

पाहुणी तिथे बराच वेळ बसली. राखणदाराने तिच्यासाठी खुर्ची आणली, पण ती जमिनीवरच बसून राहिली.

त्यानंतरची गोष्ट मला अजून नीट सांगता येत नाही, कारण तिचा अर्थ काय यावर आमचं अजूनही एकमत नाही. काकूंच्या सुनेला बाळ होतं, चार-पाच महिन्यांचं. एका सकाळी ते फारच किरकिरत होतं, म्हणून सून त्याला आईकडे घेऊन आली. जुनी नर्स म्हटल्यावर सोसायटीतली सगळी पोरं आमच्याकडे येतात. आईने त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटत येरझारा घालू लागली. "उगी, उगी, उगी. उगी गं माझ्या बाळा, उगी."

पाहुणी आतून आली. वेण्या सोडलेल्या, हातात कंगवा. दारातच थांबली.

"काय म्हणतेय ती?"

"काही नाही, गप्प करतेय. उगी म्हणजे गप्प राहा, रडू नको."

ती भिंतीला टेकली. "माझी आजी हेच म्हणायची. आम्हाला झोपवताना. अगदी असंच, तीनदा. आणि असंच थोपटायची."

मी ते आईला सांगितलं तशी तिने बाळाला थेट पाहुणीच्या हातात दिलं. "घे. म्हण मग."

ती म्हणाली. तिच्या तोंडून ते 'उगी' आणि 'उजी' यांच्या मधलं काहीतरी आलं. बाळ तिचे मोकळे रुपेरी केस पकडून बघत राहिलं. रडायचं विसरलं ते.

मी तर उड्याच मारत होते. दफनभूमीत मिळालं नाही ते घरात मिळालं! आजीच्या आजीने नाशिकात कुणातरी बाईकडून ऐकलेला शब्द मोंबासाला गेला, तिथून इंग्लंडला गेला आणि आज इंदिरानगरात परत आला! यावर आख्खा निबंध होतो, मी म्हटलं. निबंध कसला, पुस्तक होतं.

ती बाळ परत देऊन वेण्या घालायला बसली. म्हणाली, "स्वाहिलीत उजी म्हणजे पातळ पेज. ज्वारीबाजरीच्या पिठाची. लहान मुलांना देतात. आमच्या घरात सगळे समजायचे, आजी आम्हाला पेजेचं आमिष दाखवतेय. उजी, उजी, पेज येतेय, रडू नका."

"पण तूच म्हणालीस, अगदी असंच!"

"वाटलं तसं. मला तसं वाटायला हवंही आहे. म्हणूनच माझा त्यावर विश्वास नाही."

मग आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, गोऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कागदालाच तुम्ही पुरावा म्हणता. ज्यांचं काहीच लिहिलं गेलं नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्याकडे तोंडातले शब्दच असतात. ती म्हणाली, बरोबर आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने ते शब्द जपून वापरायचे. एक जरी सैल निघाला तरी ते म्हणतील, बघा, यांचा सगळा इतिहास अंगाईगीतांवर चालतो. दोघीही आपापल्या जागी खऱ्या होतो, त्यामुळे भांडण मिटेना.

आईने बराच वेळ ऐकलं. "काय चाललंय तुमचं?"

मी सांगितलं: एक म्हणते उगी, एक म्हणते पेज.

आई म्हणाली, "रडणाऱ्या लेकराला दोन्ही पायजे," आणि स्वयंपाकघरात गेली. तिने नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज केली, गूळ घालून, आणि आम्हा दोघींपुढे वाटी आदळली. पाहुणीने एक घोट घेतला, डोळे मिटले. "जवळपास उजीच," ती म्हणाली. "आजीची जरा आंबट असायची."

यावर आई म्हणाली, "ती आंबील. ती उद्या करते." आणि दुसऱ्या दिवशी केली.

आमच्या कॉलेजात तिचं व्याख्यान ठेवलं होतं. हॉल भरला होता. निम्मी मुलं-मुली शहरातली, निम्मी लासलगाव, निफाडकडून रोज एसटीने येणारी. ती सावकाश बोलली, मी मध्ये मध्ये मराठीत सांगत गेले. तिने गलबतांपासून सुरुवात केली. युरोपात आज जे म्हणतात, हे लोक आमच्याकडे का आले, त्यांना स्वतःच्या घरातला जुना हिशोब आठवत नाही, असं म्हणाली. आणि मग, "तुमच्या गावातला एक रस्ता त्याच हिशोबात येतो," म्हणून शरणपूर सांगितलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. बऱ्याच जणांचे क्लास त्याच रस्त्यावर. बाळाच्या प्रसंगाबद्दल मात्र ती एक अक्षरही बोलली नाही.

प्रश्नांच्या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी. मराठीत म्हणाली, "मॅडम, तुम्हाला तिथं विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या. आम्हाला इथं विचारतात, पूर्ण नाव काय. हे एकच आहे का?"

मी भाषांतर केलं. याच प्रश्नावर तिकडे तिने दोन्हींपैकी काहीच म्हणायला नकार दिला होता.

ती त्या मुलीकडे वळली. "मी या शहरात आले तेव्हा मला एका ठिकाणी खोली मिळाली नाही," ती म्हणाली. "मला बघूनच त्याने नाही म्हटलं. तुला त्याने आत घेतलं असतं, रजिस्टरवर नाव लिहीपर्यंत. माझं दार मी पोहोचण्याआधीच बंद होतं, तुझं तू आत गेल्यावर बंद होतं. म्हणून मी एकच म्हणणार नाही. पण बाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मात्र आपण एकमेकींना समजावून सांगायला नको."

मुलगी म्हणाली, "नको मॅडम," आणि बसली. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

निघायच्या दिवशी आईने तिला नागलीचं पीठ बांधून दिलं. ती म्हणाली, विमानतळावर कस्टमवाले विचारतील हे काय. आई म्हणाली, "सांग, औषध हाय." दारात तिने वाकून आईला मिठी मारली, आणि आईने तिच्या पाठीवर दवाखान्यातल्यासारखं दोनदा थोपटलं. काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांनीही हात पुढे केला, मग तो मागे घेऊन नमस्कार केला, मग न राहवून जवळ घेतलंच.

वर्षभराने तिचा निबंध छापून आला. मी तो बाल्कनीत बसून आईला मराठीत वाचून दाखवला. शरणपूर होतं, दफनभूमी होती, अक्षर नसलेला दगडही होता. आमच्या भांडणावर तिने फक्त एक परिच्छेद लिहिला होता. दोन्ही शक्यता सरळ मांडल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की निर्णय देता येत नाही, आणि तो देता न येणं हाच या इतिहासाचा भाग आहे. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. मग पुन्हा वाचलं. पुन्हा वाचल्यावर पटलं, पण ते मी तिला अजून कळवलेलं नाही.

आईचं लक्ष मात्र भलत्याच शब्दावर अडकलं. त्या परिच्छेदात तिचा उल्लेख होता: 'इन्फॉर्मंट, एक निवृत्त परिचारिका.'

"इन्फॉर्मंट म्हंजी?"

"माहिती देणारी."

"म्हंजी खबरी? पोलिसांची असते ती?"

"नाही गं आई, आमच्या शास्त्रात तसं म्हणतात."

"मी कुणाची खबर दिली? घरात राहिली, पेज खाल्ली, आन मला खबरी म्हणती? लाव फोन."

मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. ती स्वेटरमध्ये, हातात चहा. आईने तिला सरळ मराठीत झापलं, मध्ये दोन-तीनदा 'इन्फॉर्मंट' आलं तेवढ्यावरून तिला सगळं समजलं. ती आधी हसली, मग गंभीर झाली. "तिचं बरोबर आहे," मला म्हणाली. "तो शब्द आमच्याकडे वसाहतीच्या काळापासून चालत आलाय. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या निबंधांतून तो खोडत आले."

आता तो निबंध तिच्या पुस्तकात येणार आहे. तिने तिथे 'नातेवाईक' असं लिहिलं, तर संपादकांनी विचारलं, नातं कोणतं? पुरावा काय? तिचा त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून सुरू आहे. परवा आईने फोनवर विचारलं, काय झालं त्याचं? ती म्हणाली, भांडतेय.

"भांड," आई म्हणाली. "जेवून भांड."